केलाय, ठेवलाय, पडलाय

हेमाताई, तुझं तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी मालकांचा फोन आला. तेरा दिवस त्यांनी कळ काढली हेच पुष्कळ. आधी तुझ्याविषयी चांगलं बोलले, आणि मनापासून बोलले, ते मी नाकारत नाही. मग जरा खाकरले आणि म्हणाले, "परेश, ताईंचा विरोध होता तो विषय आता राहिला नाही ना? मग तेवढं ते बसवून द्या."

'ते' म्हणजे काय हे तुला सांगायला नको. पण हे तुझ्या घरचेही वाचतील, म्हणून सांगतो. आपण बोटींसाठी जो डबा बनवतो त्यात एक रेडिओ असतो. बोट कुठे आहे ते तो किनाऱ्यावर कळवत राहतो आणि वेळ आली तर मदतीची हाकही मारतो. डब्याला एक स्विच असतो, बोट चालवणाऱ्या तांडेलाच्या हाताशी. त्याने तो खाली केला की रेडिओ गप्प बसतो. मालकांच्या पन्नासेक बोटी आहेत, आणि त्यांना हवं होतं की तांडेलाने स्विच खाली केलेला असला तरी बंदरातल्या ऑफिसात बसून आपल्याला तो रेडिओ चालू करता यावा. तू दोन वर्षं त्यांना नाही म्हणत राहिलीस.

ताई, ते लिहून तयार आहे. मी लिहिलंय. तू अंथरुणाला खिळलेली असताना, तुझ्या पाठीमागे लिहिलंय. बसवायचं की नाही एवढंच बाकी होतं, आणि हो किंवा नाही म्हणायला आता मी एकटाच उरलो होतो.

तू असतीस तर हे ऐकून चष्मा काढून टेबलावर ठेवला असतास. ओरडली नसतीस. तू चष्मा काढलास की मला घाम फुटायचा, हे तुला शेवटपर्यंत कळलं नाही असं मी समजत होतो. कळलं असणार म्हणा.

आपल्या पहिल्या डब्याची केवढी ऐट होती मला! पडद्यावर मराठी अक्षरं. रेडिओ सुरू असेल तर 'रेडिओ चालू', नसेल तर 'रेडिओ बंद'. यात चुकण्यासारखं काय आहे, असं मी सगळ्यांना विचारत फिरायचो. दुसऱ्याच आठवड्यात एकदऱ्याचा एक तांडेल डब्याचे स्क्रू काढून, डबा टॉवेलात गुंडाळून, एस.टी.ने अलिबागला आपल्याकडे घेऊन आला. "बंद हाय," म्हणाला. आपण लावून बघितला तर ठणठणीत. स्विच खाली होता, एवढंच. जाळं ओढताना कोणाचं तरी कोपर लागलं असणार. त्याने पडद्यावर 'बंद' वाचलं आणि बिघडला असं समजून दुरुस्तीला आणला. मी पोट धरून हसलो. त्याच आठवड्यात आणखी दोघं असेच टॉवेल घेऊन आले. मी आणखी हसलो. तू हसली नाहीस.

मग आगरदांड्याच्या धर्मा तांडेलाचं झालं. त्याचा रेडिओ खरोखरच जळला होता. पडद्यावर आपण दिलेला तोच शब्द, 'बंद'. तेव्हा बॅटरी वाचवायला ऑफिसातूनही रेडिओ बंद करता यायचा, म्हणून धर्माला वाटलं की मालकांनी केला असेल, करतील चालू त्यांचे तेच. आणि मुका रेडिओ घेऊन तो तीन दिवस समुद्रात राहिला. वारं सुटलं नाही म्हणून निभावलं. तो परत आल्यावर हे कळलं तेव्हा तू जेवत होतीस. भाकरी तशीच ठेवून हात धुवून आलीस आणि म्हणालीस, "परशा, आपण त्याला एकच शब्द दिला रं. एका शब्दापायी तो गेला असता."

मी म्हणालो, शब्द बरोबरच आहे, त्याने चुकीचा वाचला. तेव्हा तू चष्मा काढलास.

दुसऱ्या दिवशी मी आलो तर फळ्यावर तू तीन वाक्यं लिहून ठेवली होतीस. दुकान बंद केलं. दुकान बंद ठेवलं. दुकान बंद पडलं. मला उभं करून विचारलंस, "तिन्ही दुकानांना बाहेरून कुलूपच दिसतं. पण रस्त्यावरच्या माणसाने काय समजायचं?" मी म्हणालो, पहिलं उद्या सकाळी उघडेल, दुसरं मालकाच्या मनात येईल तेव्हा, आणि तिसरं काही आता उघडत नाही. "मग हे तुला शेंबडं पोर असल्यापासून येतंय," तू म्हणालीस, "आणि यंत्राला शिकवताना कुठे गेलं?"

एवढ्यावरून तू पुढचे दोन महिने माझ्या डोक्यावर मिरे वाटलेस. ते मिरे आता मला गोड लागतात, म्हणून सगळं सांगतो.

आपलं काम कर्नलमधलं. तुझी आई मला एकदा विचारत होती की आमची हेमा नक्की करते तरी काय, तेव्हा मी सांगितलं होतं, की यंत्राचे भाग आणि वरचे प्रोग्रॅम यांच्यामध्ये कर्नल नावाचा एक माणूस खिडकी उघडून बसलेला असतो. वरच्या कोणालाही रेडिओला थेट हात लावता येत नाही. खिडकीशी यायचं, विचारायचं. त्या खिडकीत काय विचारता यावं आणि काय उत्तर मिळावं हे तुमची हेमा ठरवते. आई म्हणाली, "म्हंजे तलाठीच की." मग मी जास्त खोलात गेलो नाही.

खरं तर जगभर वापरतात त्या कर्नलमध्ये दोन तऱ्हेचं बंद आधीपासून वेगळं ठेवलेलं होतं. एक वरून हुकूम आल्यामुळे झालेलं बंद आणि दुसरं माणसाने स्विच दाबल्यामुळे झालेलं. आपणच घाईघाईत आपल्या ड्रायव्हरमध्ये दोन्ही एकात कोंबली होती. आपण म्हणजे मी. तू हे कधी कोणाला सांगितलं नाहीस. मालकांसमोर, आपल्याबरोबर काम करणाऱ्या इतर दोघांसमोर, कायम 'आमच्याकडून चूक झाली' असंच म्हणत राहिलीस. याबद्दल मी तुझे आभार मानायला हवे होते. मी तेव्हा तोंड फुगवून बसलो होतो.

'ड्रायव्हर' म्हटलं की तुझा भाऊ आठवतो. जयवंतदादाचा ट्रक जेएनपीटीला चालतो. तू यंत्राचे ड्रायव्हर लिहितेस हे ऐकल्यापासून तो सगळीकडे सांगत सुटला होता, "आमच्या घरान दोघं डायवर हाव." तेराव्याला पंगत उठल्यावर ओटीवर बसून तेच म्हणाला, आणि पुढे म्हणाला, "ती माझ्यापेक्षा चांगली." मग उठून मागच्या दारी गेला. बराच वेळ आला नाही.

तर त्या तीन शब्दांवरून तू खिडकी नव्याने बांधायला घेतलीस. केलाय, ठेवलाय, पडलाय. ऑफिसाने किंवा प्रोग्रॅमने बंद केलेला असेल तर 'केलाय', तो वरून पुन्हा चालू करता येईल. हाताने स्विच खाली केलेला असेल तर 'ठेवलाय', तो त्याच हाताने उघडायचा. बिघडला असेल तर 'पडलाय', अलिबागला आणा. तू त्यांना एक, दोन, तीन असे आकडे दिलेस. रेडिओ बंद असेल तर यातला एक आकडा खिडकीतून मिळायचा. सुटसुटीत होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी तेव्हा तुझ्यावर खार खाऊन होतो, म्हणून खोट काढायलाच बसलो होतो. आणि सापडली. मी विचारलं, "ताई, ठेवलेला असतानाच पडला तर?"

मग मीच फोड करून सांगितलं.

"म्हणजे त्याने हाताने बंद ठेवलाय. आत रेडिओ जळला. आकडा एकच देता येतो. दोन देशील तर तो समजणार, स्विच वर केला की चालू होईल. धर्मासारखाच फसेल. तीन देशील तर डबा दुरुस्तीला येईल, आपण रेडिओ बदलून देऊ, आणि स्विच खालीच असल्यामुळे तरीही चालणार नाही."

तू उठून फळ्याशी गेलीस. आकडे पुसलेस. त्यांच्या जागी तीन वेगवेगळे चौकोन काढलेस, प्रत्येकात हो किंवा नाही. एकाच वेळी तिन्ही हो असू शकतील असे. मग खडू खाली ठेवून म्हणालीस, "बरोबर."

बाकी काही नाही. शाबासकी देणं तुझ्या जिवावर यायचं. पण त्या एका 'बरोबर'वर मी सहा महिने छाती काढून हिंडलो. किहीमला घरी आईला सांगितलं, आमच्या खोल्यांत उतरलेल्या मुंबईच्या पाहुण्यांनाही सांगितलं. त्यांना काही कळलं नाही. त्यांना ताजे बोंबील कुठे मिळतील एवढंच हवं होतं.

खिडकीचा दुसरा नियम तुझ्या वडिलांचा. अण्णांकडे गावच्या खारबंदिस्तीची, म्हणजे खाडीचं पाणी शेतात येऊ न देणाऱ्या बांधाची, उघाडी सांभाळायचं काम होतं, हे तू मला तेव्हा सांगितलंस. मी उघाडी पाहिलेली, पण तिच्याकडे कधी बघितलं नव्हतं. बांधातली ती दारं भरतीच्या पाण्याच्या रेट्याने आपोआप लागतात आणि ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर जायला आपोआप उघडतात. वर माणसाने बसवायच्या फळ्या असतात, त्या माणसाच्या मनाने. "अण्णा म्हणायचे, कोणी सांगितलं उघड, तर ऐकून घ्यायचं, लक्षात ठेवायचं. पण भरतीने दार लावलंय तोवर हात घालायचा नाही. ओहोटी लागली की मग सांगितलेलं करायचं." तसंच तू खिडकीत केलंस. वरच्यांनी 'चालू कर' म्हटलं तर कर्नल ते टाकून देत नाही, लिहून ठेवतो. पण हाताने ठेवलेला असेल तर हात निघेपर्यंत वाट बघतो. वरून येतो तो अर्ज, हुकूम नाही, हे तुझं वाक्य. मी ते माहितीपत्रकात घातलं आणि मालकांनी नेमकं तेच वाक्य बोटाखाली धरून विचारलं, "अर्ज? माझ्या बोटीवर मी अर्ज करू?"

त्या दिवशी तू जे बोललीस ते मी कधी विसरणार नाही, कारण आवाज न चढवता मालकांशी बोलणारं दुसरं कोणी मी पाहिलं नाही. तू म्हणालीस, "बोट तुमची, दादा. पण तिच्यावर जीव त्याचा असतो."

मालक चहा अर्धा ठेवून गेले. पण डबे घेतले. का घेतले माहीत आहे? मला नंतर कळलं. त्यांच्या तांडेलांनीच मागितले. पडद्यावरचे ते तीन शब्द त्यांना वाचता यायचे, आणि वाचले की आता काय करायचं तेही कळायचं. त्यानंतर एकही टॉवेल आला नाही, ताई. जे आले ते खरोखर पडलेलेच आले. धक्क्याधक्क्यावर ते शब्द रुळले. मागे एकदा धर्माच्या बोटीवर त्याचा मेव्हणा फोन उचलत नाही म्हणून वैतागून धर्मा म्हणाला, "त्याचा फोन पडलेला नाय, ठेवलेला हाय." मी तुला तिथूनच फोन लावून हे ऐकवलं. तू एवढी हसलीस की तुला ठसका लागला. आपण लिहिलेलं किती जागी चालतं, किती यंत्रांत बसलंय, याचा हिशेब मी कधी ठेवला नाही. पण एका तांडेलाने तुझ्या खिडकीतला शब्द मेव्हण्याला लावावा, याच्याइतका मोठा मान मला तरी दुसरा माहीत नाही.

आता आपलं भांडण. दोन होती. एक अजून तसंच आहे, ते आधी घेतो. बॅटरी पूर्ण उतरून डबा पुन्हा सुरू झाला तर 'ठेवलाय' कोणी लक्षात ठेवायचं? स्विच तर खालीच असणार, तोच सांगेल, असं तुझं म्हणणं. आणि स्विच पाण्याने खाऊन गेला असेल तर, असं माझं. तू म्हणायचीस की मग तो पडलाय, आणि मी म्हणायचो की ते कळणार कसं. यावर आपण एकदा आगरदांड्याहून दिघीला जाऊन त्याच फेरीबोटीने परत आलो, उतरलोच नाही, भांडत राहिलो. तिकीटवाला म्हणाला, तुमचं चालू द्या. मला अजून तुझं पटलेलं नाही. उद्या पटेल असंही दिसत नाही.

दुसरं भांडण मालकांच्या मागणीचं. तू ठाम होतीस, आणि मी त्यांच्या बाजूने होतो. मालकांसाठी नाही. मला दिसत होता बेशुद्ध पडलेला माणूस. समज, बोट दगडावर आपटली, तांडेल खाली पडला, स्विच खाली. किनाऱ्यावरच्यांना कळलंय काहीतरी झालंय, पण हाक ऐकू येत नाही. एका बटणावर रेडिओ चालू झाला असता, आणि आपण नियमाला धरून बसलो. मी म्हणायचो, मेलेल्या माणसाच्या हाताची वाट बघणारा नियम काय कामाचा? तू म्हणायचीस, "मग स्विच मोठा कर. पडलेल्या माणसाचा हात पोचेल इथे लाव. बरोबरच्या चौघांना दाखवून ठेव." आणि केलंसही. स्विच तळहाताएवढा केलास, खाली लावलास, लाल रंगाचा. पण बेशुद्ध माणसाचं उत्तर तुझ्याकडे नव्हतं. हे तू कबूल केलंस. "नाही माझ्याकडे," म्हणालीस. "पण वरून उघडता आलं तर काहीतरी मोडेल असं वाटतं. काय ते सांगता येत नाही." मी म्हणालो, वाटण्यावर कर्नल चालत नाही. फार लागलं असेल तुला.

मग तुझं दुखणं आलं. तू पेणकडे गावी गेलीस आणि मालक दर आठवड्याला मला फोन करू लागले. पुढचं काम देऊ, पण हे झालं तर. आपण चौघं होतो, आता तिघं. इतर दोघांच्या घरी लहान मुलं. मी कोणावर खापर फोडत नाही. मला स्वतःलाच वाटत होतं की मी बरोबर आहे. तीन दुपारी बसून लिहिलं. तुझ्या खिडकीला मागून एक दार पाडलं. ऑफिसाने विशिष्ट खूण पाठवली की 'ठेवलाय' असला तरी कर्नल रेडिओ उघडेल. पडद्यावर मात्र 'ठेवलाय' असंच दिसत राहील. हेही मी लिहिलं. तांडेलाला कळू नये, असं मालकांचं म्हणणं होतं.

ती ओळ लिहिताना माझा हात अडला होता, खरं सांगतो. तुझी खिडकी खोटं बोलणार होती. पण मी लिहिली, आणि वेगळी ठेवून दिली.

पुढच्या रविवारी तुला भेटायला आलो. तू ओटीवर उशाला टेकून बसली होतीस, हात काटकीसारखे झालेले. आईने पेज आणून दिली मला, बरोबर सुकटीची चटणी. तू आधी आपल्या ऑफिसातल्या गळक्या नळाचं विचारलंस, मग त्या दोघांचं, मग एकदम म्हणालीस, "परशा, ते दार कोणी उघडलं नाही ना?"

मी म्हणालो, "नाही."

तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "बरं. पेज घे अजून." तुला कळलं होतं की नव्हतं, ते मला आता कधीच समजणार नाही. मी पेज घेतली. दोन वाट्या घेतल्या, कारण तोंडात घास असला की बोलावं लागत नाही. त्यानंतर आपली भेट झाली नाही.

आज मी आगरदांड्याला गेलो. मालकांना हो म्हणून गेलो. ठरलं होतं की पहिल्यांदा धर्माच्या बोटीवर बसवायचं, चाललं तर सगळीकडे. बोट धक्क्याला लागलेली होती, धर्मा जाळं शिवत होता. मी काय करायला आलोय हे त्याला सांगायचं नव्हतं. डब्याची नेहमीची तपासणी, असं म्हणालो. त्याने तुझं विचारलं. त्याला माहीत नव्हतं. मी सांगितलं तेव्हा त्याने सुई जाळ्यात खोचली आणि हात जोडले.

मग म्हणाला, "बाईंनी आमाला इज्जत दिली, सायेब."

मला कळेना काय म्हणतोय. त्याने मला हाताला धरून शेजारी लागलेल्या बोटींवर नेलं. त्या दुसऱ्या मालकाच्या. त्यांच्यावर दुसऱ्याच कोणीतरी बनवलेले डबे आहेत, ज्यांत ऑफिसातून रेडिओ उघडता येतो. डबे छान उजळलेले, हिरवा दिवा लागलेला. धर्माने एका डब्याच्या मागे हात घालून अँटेनाची वायर ओढून दाखवली. कापलेली. नीट कापून, काळी टेप लावून पुन्हा आत खोचलेली, तपासायला कोणी आलं तर जोडलेली दिसावी अशी. दुसऱ्या बोटीवरही तेच. तिसऱ्याही.

"असं का?" मी विचारलं.

"मंग काय करतील? मासली घावली त्या जागंवर रेडिओ बंद करतंय आमी, नायतर दुसऱ्या दिवशी चालीस बोटी तिथं. यांचा मालक वरनं उघडतो. तवा यांनी वायरच कापली." मग आपल्या बोटीकडे बोट दाखवून म्हणाला, "माझी बगा. एक टाका तुटलेला नाय. मी जागंवर बंद ठेवतंय, आन जंजिऱ्याचं बुरूज दिसलं का माज्या हातानं चालू करतंय. माला म्हाईत हाय, मी ठेवला म्हंजे ठेवला. मंग कापायचा कशाला?"

मी तिथेच फळीवर बसलो, ताई. माझा बेशुद्ध पडलेला माणूस मला पुन्हा दिसला. तो त्या शेजारच्या बोटींवर होता. बटण दाबलं, वरून हुकूम गेला, कर्नलने रेडिओ उघडला, हिरवा दिवा लागला, आणि हाक कापलेल्या वायरीपाशी मेली. ज्याला वाचवायला मी ते दार पाडलं होतं त्याचाच रेडिओ मी पाडणार होतो. धर्मा घसरून पडला तर निदान बरोबरचे चौघं लाल स्विच वर करतील आणि हाक जाईल, कारण त्याची वायर शाबूत आहे. आणि ती शाबूत आहे ती केवळ तुझा शब्द खरा आहे म्हणून. काय मोडेल ते तुला सांगता येत नव्हतं ना? हे मोडणार होतं. तुझं उत्तर धर्माकडे होतं. दोन वर्षं मी त्याच्याशी मेव्हण्याच्या गप्पा मारत राहिलो आणि हे विचारायचं मला कधी सुचलं नाही.

तुला हे समजताना तुझं तोंड बघायला मी काय वाटेल ते दिलं असतं. तू 'बरोबर'सुद्धा म्हणाली नसतीस. नुसती चष्मा पुसत बसली असतीस आणि मी चिडलो असतो.

ताई, मला तुझा अभिमान वाटतो. हे तोंडावर सांगायची आपल्यात पद्धत नव्हती. खारबंदिस्तीवर बापाच्या मागे चिखल तुडवलेली मुलगी, तिने यंत्राच्या पोटात जाऊन एक खिडकी बांधली, आणि त्या खिडकीने समुद्रावरच्या माणसाचा शब्द मानला. मोठमोठ्या कंपन्यांत मी हुशार माणसं पाहिली. वायर कापायला न लावणारं काम त्यांच्यात फार थोड्यांनी केलं असेल. मी तुझा शिष्य होतो, असं आता उघड म्हणतो. भांडखोर होतो, पण होतो.

मालकांना धक्क्यावरूनच फोन लावला. सांगितलं, बसवत नाही. का, ते धर्माचं नाव न घेता सांगितलं, कापलेल्या वायरींचंही. म्हणाले, "ताई गेल्या आणि तुम्ही ताई झालात." काम देतील की नाही ते बोलले नाहीत. बघतो, म्हणाले. त्या दोघांनाही फोन करून सांगितलं, आधी विचारायला हवं होतं ते नंतर विचारलं. एक जण म्हणाला, मला तर ते पहिल्यापासूनच पटलं नव्हतं. बघ, मूग गिळून बसलेला मी एकटाच नव्हतो.

मग तिथेच माशांच्या एका उलट्या पाटीवर बसून लॅपटॉप उघडला. तीन दुपारी लिहिलेलं सगळं काढून टाकलं, माझ्या मशीनवरून आणि सर्व्हरवरूनही, कुठेही प्रत ठेवली नाही. खात्री करून घेतली, पुन्हा एकदा केली. तुझी खिडकी जशी होती तशी आहे. दार कोणी उघडलेलं नाही.

त्या रविवारी तू विचारलंस आणि मी 'नाही' म्हणालो, ते खोटं होतं, ताई. आज दुपारी मी ते खरं केलं.